टीव्हीवरचा पुरस्कार सोहळा कसा असावा?

रेडिओवर बसून आज आम्ही टीव्हीबद्दल बोलणार आहोत, तेव्हा आधी थोडं हसून घ्या. विषय आहे चित्रपटांच्या पुरस्कार सोहळ्याचा. रविवारी संध्याकाळी भाकरी थापता थापता एक डोळा टीव्हीकडे ठेवून आपण हे सोहळे बघतो. साड्या बघतो, दागिने बघतो, कोण कुणाशेजारी बसलंय ते बघतो. अर्ध्या तासाने जाहिराती मोजायला लागतो, आणि मुख्य बक्षीस जाहीर होईपर्यंत घरातली निम्मी माणसं झोपलेली असतात. हे असं का होतं? आणि हा सोहळा आपल्यासारख्या बघणाऱ्यांसाठी चांगला कसा करता येईल? त्याचा आज नीट विचार करू.

कुणी म्हणेल, आपल्या माणदेशात पाण्याचे, चाऱ्याचे, बाजारभावाचे प्रश्न असताना हा विषय कशाला? आम्हाला तो महत्त्वाचा वाटतो, कारण बक्षीस म्हणजे शेवटी कुणाच्या कामाला काम म्हणायचं याचा निर्णय असतो. कुणाचं नाव माईकवरून घ्यायचं आणि कुणाचं नाही, हे तिथे ठरतं. आणि नाव न घेतलं जाणं म्हणजे काय, हे बाईमाणसाला वेगळं सांगायला नको.

सोहळा सुरू कसा झाला

आपल्या देशात राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ साली सुरू झाले. पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं ते एका मराठी चित्रपटाला, आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला. एका गरीब घरातल्या आईची गोष्ट देशात पहिली आली. त्यानंतर 'श्वास', 'देऊळ', 'कोर्ट', 'कासव' या मराठी चित्रपटांनीही देशातला पहिला मान मिळवला. 'कासव'च्या दोन दिग्दर्शकांपैकी एक होत्या सुमित्रा भावे. समाजकार्याच्या क्षेत्रातून त्या सिनेमाकडे आल्या आणि त्यांची सुरुवात 'बाई' नावाच्या लघुपटापासून झाली.

त्याच १९५४ साली २१ मार्चला मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात फिल्मफेअरचा पहिला सोहळा झाला. तेव्हा पुरस्कार किती होते? फक्त पाच. अमेरिकेतल्या ऑस्करची गोष्ट तर आणखी गमतीची. १९२९ साली पहिला ऑस्कर सोहळा झाला तो जेवणाच्या पंगतीत, आणि बक्षीस वाटप साधारण पंधरा मिनिटांत उरकलं. निकाल तीन महिने आधीच जाहीर झाले होते. १९५३ साली ऑस्कर टीव्हीवर आला आणि मग तो लांबतच गेला. २००२ साली तो चार तासांच्याही वर चालला.

आपल्याकडे महाराष्ट्र शासनाचे राज्य मराठी चित्रपट पुरस्कार साठच्या दशकापासून दिले जातात. त्यांतले कितीतरी पुरस्कार जुन्या कलावंतांच्या नावाने आहेत. अभिनेत्रीचा पुरस्कार स्मिता पाटील यांच्या नावाने, गीतलेखनाचा ग. दि. माडगूळकर यांच्या नावाने. गदिमा म्हणजे आपल्या शेजारच्या आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे. ग्रामीण प्रश्न मांडणाऱ्या चित्रपटालाही या पुरस्कारांत वेगळी जागा आहे. पुढे टीव्हीच्या खासगी वाहिन्या आल्या आणि त्यांनी स्वतःचेच सोहळे सुरू केले. तिथून पुरस्कार सोहळा हा टीव्हीचा कार्यक्रम झाला.

एक रकाना वाढला तर काय होतं

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट ऐका. फिल्मफेअरमध्ये सुरुवातीला पार्श्वगायनाला पुरस्कारच नव्हता. संगीतकाराला होता, गाणाऱ्याला नव्हता. 'चोरी चोरी' चित्रपटासाठी शंकर-जयकिशन यांना संगीताचा पुरस्कार मिळाला, तेव्हा सोहळ्यात त्यातलं गाणं गाण्यासाठी लतादीदींना विचारलं गेलं. त्यांनी नकार दिला. गायकांना पुरस्कार नाही, तर मी तिथे गाणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. १९५९ पासून पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला मान लतादीदींनाच मिळाला, 'मधुमती'मधल्या गाण्यासाठी.

पण गोष्ट इथे संपत नाही. हा पुरस्कार गायक आणि गायिका दोघांत मिळून एकच होता. १९५९ ते १९६७ या नऊ वर्षांचा हिशोब काढा. नऊपैकी सहा वेळा पुरस्कार पुरुष गायकाला गेला: चार वेळा मोहम्मद रफी, एकदा मुकेश, एकदा महेंद्र कपूर. तीन वेळा बाईला मिळाला आणि तिन्ही वेळा ती बाई लता मंगेशकर होती. म्हणजे त्या नऊ वर्षांत आशा भोसले होत्या, गीता दत्त होत्या, सुमन कल्याणपूर होत्या, पण लतादीदी सोडून दुसऱ्या कुठल्याही बाईचं नाव तिथे पुकारलं गेलं नाही. १९६८ साली गायक आणि गायिका असे दोन वेगळे पुरस्कार झाले आणि त्याच वर्षी आशाताईंना पहिला पुरस्कार मिळाला. पुढे १९७० नंतर लतादीदींनी स्वतःच सांगितलं की आता माझा विचार करू नका, नव्या मुलींना संधी द्या.

आशाताई १९६७ साली वाईट गात होत्या आणि १९६८ साली अचानक चांगलं गायला लागल्या, असं काही झालं का? आवाज तोच होता. कागदावर एक रकाना वाढला आणि त्या दिसायला लागल्या.

अलीकडे जगात उलटी चर्चाही सुरू आहे. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवाने २०२१ पासून अभिनेता आणि अभिनेत्री असे वेगळे पुरस्कार बंद करून मुख्य आणि सहायक भूमिकेसाठी बाई-पुरुष मिळून एकेकच पुरस्कार ठेवला. कलेत बाई-पुरुष असा भेद कशाला, हा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे. पण आमचं मत असं, की जिथे बाईला मुख्य भूमिकाच कमी मिळतात तिथे पुरस्कार एक केला, तर त्या नऊ वर्षांसारखं होण्याची भीती आहे. आधी कामं बरोबरीने मिळू देत, मग पुरस्कार एक करा.

कापलं काय जातं

खासगी वाहिनीवरचा सोहळा आपण बघतो तो बहुतेक वेळा थेट नसतो. मुंबईत एका संध्याकाळी तो चित्रित होतो. मग काटछाट होते, जाहिराती बसवल्या जातात आणि काही आठवड्यांनी तो टीव्हीवर येतो. तोवर निकाल सगळ्यांच्या मोबाईलवर येऊन शिळा झालेला असतो. ज्याची उत्सुकता होती तेच संपलं, मग बघायचं काय? नाच आणि विनोद.

काटछाटीत पहिली कात्री कुणावर चालते? संकलन, ध्वनिमुद्रण, कलादिग्दर्शन, वेशभूषा, रंगभूषा. हे पुरस्कार एकतर घाईघाईत एका पट्टीवर दाखवतात किंवा दाखवतच नाहीत. २०२२ साली ऑस्करनेही हेच केलं होतं. आठ पुरस्कार थेट प्रक्षेपणाच्या आधीच उरकले आणि नंतर त्यांचे तुकडे मध्ये जोडले. सिनेमातल्या लोकांनी इतकी नाराजी दाखवली की पुढच्या वर्षीपासून ती पद्धत सोडून द्यावी लागली. आपल्याकडे २०१८ च्या राष्ट्रीय पुरस्कारांच्या वेळी राष्ट्रपती फक्त अकरा जणांना पुरस्कार देणार आणि बाकीच्यांना मंत्री देणार, असं ऐनवेळी कळलं. तेव्हा पन्नासाहून अधिक विजेते सोहळ्याला गेलेच नाहीत. बक्षीस तेच होतं, पदक तेच होतं. पण काहींचं काम मोठं आणि काहींचं धाकटं, ही वाटणी त्यांना मान्य नव्हती.

मैत्रिणींनो, वेशभूषा हे काम धाकटं आहे का? भारताला पहिला ऑस्कर मिळवून देणारी व्यक्ती वेशभूषाकार होती, बाई होती आणि आपल्या कोल्हापूरची होती. भानु अथैय्या. १९८३ साली 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांना ऑस्कर मिळाला. विचार करा, त्या चित्रपटात किती प्रकारची माणसं आहेत. शेतकरी, वकील, इंग्रज अधिकारी, आश्रमातल्या बाया, मिठाच्या सत्याग्रहातले लोक. प्रत्येकाचं धोतर, पातळ, टोपी त्या त्या काळाचं आणि त्या त्या प्रांताचं हवं. 'लेकिन' आणि 'लगान' या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. वेशभूषेचा पुरस्कार कापा असं जो म्हणेल, त्याला भानुताईंचं नाव सांगा.

आपल्या म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाचंच बघा. यात्रेच्या दिवशी रथावर कोण उभं आहे ते लांबूनही दिसतं. पण ओढणारे हात नसतील तर रथ हलेल का? पडद्यावरचा नट आपल्याला दिसतो. त्याचा आवाज पकडणारा, त्याला उजेडात ठेवणारा, त्याचा सदरा शिवणारा दिसत नाही. तो दिसण्याचा वर्षातला एकच दिवस म्हणजे हा सोहळा. तिथेही कात्री लावली तर उरलं काय?

दोन तासांचा हिशोब

वाहिनीवाले म्हणतील, वेळ नाही. आपण बचत गटाच्या बाया, हिशोब तर आपल्याला येतोच. चला, मांडून बघू.

टीव्हीच्या नियमांत एका तासाला जास्तीत जास्त बारा मिनिटं जाहिरात अशी मर्यादा लिहिलेली आहे. तिच्या अंमलबजावणीवरून वाहिन्या न्यायालयात गेल्या, तो भाग वेगळा. ती मर्यादा धरली तर दोन तासांत चोवीस मिनिटं जाहिरातींची. उरली शहाण्णव मिनिटं. तीस पुरस्कार धरा आणि प्रत्येकाला अडीच मिनिटं द्या. झाली पंचाहत्तर मिनिटं. तरीही एकवीस मिनिटं हातात राहतात. त्यात सुरुवातीचं निवेदन, एक चांगला नाच आणि वर्षभरात गेलेल्या कलावंतांना श्रद्धांजली एवढं आरामात बसतं. म्हणजे वेळ आहे. तो सध्या दुसऱ्याच गोष्टींवर खर्च होतो.

आणि अडीच मिनिटांत काय करायचं? पहिलं अर्धं मिनिट त्या कामाचा नमुना दाखवा. संकलनाचा पुरस्कार असेल तर एकच प्रसंग कापण्याआधी कसा होता आणि नंतर कसा झाला ते दाखवा. ध्वनिमुद्रणाचा असेल तर चित्र काळं करा आणि नुसतं ऐकवा. आम्ही रेडिओवाल्या, म्हणून हे खात्रीने सांगतो: नुसत्या आवाजातून माळरान उभं राहतं. मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा, धनगराची हाळी, गजी नाचाच्या ढोलाचा ठोका लांबून जवळ येतो, तेव्हा डोळे मिटूनही आपण तिथे पोचतो. हा आवाज कुणीतरी उन्हातान्हात उभं राहून पकडलेला असतो. अर्ध्या मिनिटात हे कळलं की मग पुरस्कार घ्यायला येणारा माणूस आपल्याला परका वाटत नाही. उरलेल्या दोन मिनिटांत नाव, पुरस्कार आणि त्याचे चार शब्द.

बोलण्याला ऑस्करमध्ये पंचेचाळीस सेकंदांची मर्यादा आहे. मर्यादा असावी. पण पहिल्यांदाच मंचावर आलेल्या माणसाला संगीत वाजवून खाली उतरवू नये. ज्यांना दर वर्षी मिळतं त्यांनी थोडक्यात आटपावं.

विनोद कुणावर?

आता जरा अवघड बोलतो. सोहळ्यातल्या विनोदांत गावाकडची भाषा कितीदा येते? 'न' चा 'ण' करायचा, तोंड वेडंवाकडं करायचं आणि हशा पिकवायचा. पुरुषांनी साडी नेसून बायकी हातवारे करायचे. कुणाच्या जाडपणावर, कुणाच्या काळ्या रंगावर बोट ठेवायचं. आपण पण हसतो, कारण समोर सगळे हसत असतात. पण शेजारी बसलेली आपली सावळी लेक त्या वेळी काय ऐकते, याचा विचार करा.

गावाकडच्या बोलीत ताकद नाही असं कोण म्हणेल? व्यंकटेश माडगूळकरांनी याच माणदेशातली माणसं लिहिली. त्यांच्या 'बनगरवाडी'वर अमोल पालेकरांनी चित्रपट केला आणि त्याला मराठीतल्या उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शेजारच्या अकलूजची रिंकू राजगुरू शाळेत शिकत असताना 'सैराट'मध्ये आपल्या भागातल्या बोलीत बोलली, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिच्या कामाचा खास उल्लेख झाला. ज्या बोलीला पुरस्कार मिळतो, तिचीच सोहळ्यात टिंगल कशी चालते? विनोद हवाच. पण तो मोठ्यांच्या मोठेपणावर करा. निर्मात्याच्या उधारीवर करा, नटाच्या उशिरा येण्यावर करा.

आणखी एक. मंचावर तबक धरून एक मुलगी उभी असते. तीन तास उंच टाचांवर, हसऱ्या चेहऱ्याने. तिचं नाव कुणी घेत नाही, ती कुणाशी बोलत नाही. बाई म्हणजे शोभेची वस्तू, हा धडा तिथे शब्दांशिवाय शिकवला जातो. तबक टेबलावर ठेवता येतं. त्या मुलीला उभं करायचंच असेल तर माईक द्या आणि पुढचा पुरस्कार तिला पुकारू द्या.

निवड कशी झाली ते सांगा

प्रेक्षकांचा विश्वास का उडतो? बक्षीस कसं ठरलं ते कळत नाही म्हणून. काही पुरस्कार परीक्षक मंडळ ठरवतं, काही प्रेक्षकांच्या मतांनी ठरतात. दोन्ही पद्धती चालतील. पण कुठला पुरस्कार कसा ठरला ते पडद्यावर लिहिलेलं हवं. परीक्षकांची नावं सांगावीत. कुठल्या काळातले चित्रपट धरले, किती आले, ते सांगावं. वाहिनीने स्वतः काढलेला चित्रपट स्पर्धेत असेल तर तेही उघड सांगावं. ग्रामपंचायतीच्या कामाची निविदा जशी उघड हवी, तसंच हे.

वेळेचंही तेच. ५ ऑगस्ट २०२५ ला मुंबईत वरळीला राज्य चित्रपट पुरस्कारांचा सोहळा झाला, त्यात ६० वा आणि ६१ वा असे दोन वर्षांचे पुरस्कार एकत्र दिले गेले. मधल्या काळात साथीमुळे सगळंच मागे पडलं होतं, हे खरं. पण पेरणीचं कौतुक पेरणीच्या वर्षीच व्हावं.

सगळ्यांना बघता यावं

आजचा प्रेक्षक तीन तास एका जागी बसत नाही, हे जगभर दिसतं. अमेरिकेत १९९८ साली साडेपाच कोटी लोकांनी ऑस्कर बघितला. २०२१ साली तो आकडा कोटीच्या आसपास आला. म्हणून आता २०२९ पासून ऑस्कर टीव्ही सोडून यूट्यूबवर जाणार आहे. आपल्याकडेही लेकी-सुना मोबाईलवर तुकडे बघतात. मग प्रत्येक पुरस्काराचा वेगळा तुकडा नावासकट टाकावा. ज्या मुलीला रंगभूषेचं बक्षीस मिळालं, तिच्या गावच्या माणसांना तीन मिनिटांत ते सापडलं पाहिजे.

कानाने कमी ऐकू येणाऱ्या आजीसाठी खाली अक्षरं हवीत. मूकबधिर मुलांसाठी कोपऱ्यात खुणांची भाषा हवी. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी निवेदकाने थोडं वर्णन करावं: कोण मंचावर आलं, काय नेसलंय, डोळ्यांत पाणी आहे की हसू आहे. रेडिओवर आम्ही रोज हेच करतो, त्यात अवघड काही नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तो चित्रपट बघायचा कुठे? बक्षीस मिळालेल्या मराठी चित्रपटांपैकी किती आपण थिएटरात बघितले, ते बोटांवर मोजा. पुरस्कार जाहीर होताना खाली एक ओळ द्यावी, की हा चित्रपट अमुक ठिकाणी बघायला मिळेल. शासनाने पुरस्कारप्राप्त चित्रपट तालुक्याच्या गावी, शाळेच्या पटांगणात दाखवावेत. न बघितलेल्या चित्रपटासाठी टाळ्या तरी कशा वाजवायच्या?

आपण काय करू शकतो

कोण काय बघतं ते मोजायला देशभरात पन्नास हजारांच्या वर घरांत यंत्रं बसवलेली आहेत. त्यावरून टीव्हीचे आकडे निघतात. आपल्या घरी ते यंत्र नसेल, तर आपण चॅनेल बदलल्याचं कुणाला कळत नाही. म्हणून आपण बोललं पाहिजे, लिहिलं पाहिजे. प्रत्येक वाहिनीला तक्रार घेण्याची व्यवस्था ठेवावी लागते. तिथे दाद लागली नाही तर मनोरंजन वाहिन्यांसाठी २०११ पासून तक्रार परिषद आहे, तिकडे जाता येतं. पत्रात कार्यक्रमाचं नाव, वाहिनी, तारीख, वेळ आणि नेमकं काय खटकलं ते लिहायचं. चांगलं वाटलं तर तेही कळवायचं. दहा जणींनी मिळून सही केली तर आणखी बरं.

दुसरं काम आपल्या हातातलं आहे. आठ मार्चला, हळदीकुंकवाला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला आपणही बक्षीसं देतोच की. तिथे पाहुण्यांच्या सत्कारात दीड तास जातो आणि मुलींची नावं शेवटी भरभर वाचली जातात. यंदा क्रम उलटा करून बघा. आधी बक्षीसं, मग भाषणं. प्रत्येकीचं पूर्ण नाव घ्या आणि तिने काय केलं ते एका वाक्यात सांगा. मंडप घालणाऱ्याचं, माईकवाल्याचं, स्वयंपाक करणाऱ्या बायांचं नावही माईकवरून घ्या. सगळ्यांची नावं घ्यायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

तुमच्या गावात असा कार्यक्रम झाला तर आम्हाला कळवा. ती नावं आम्ही रेडिओवरून वाचू. आज इथेच थांबतो. नमस्कार.